आपल्या डोळ्याला बसणारा स्कोप

रायफलचा स्कोप घेताना बहुतेक जण आधी मॅग्निफिकेशन विचारतात. मी डोळ्यापासून सुरुवात करतो.

३-९x४० म्हणजे मोठं दिसणं ३ ते ९ पट, पुढची काच ४० मिमी. ४० ला पटीने भागा: ९ पटीवर डोळ्यात येणारं प्रकाशवर्तुळ जेमतेम ४.४ मिमी, ४ पटीवर पूर्ण १० मिमी. वर्तुळ मोठं असलं की डोकं थोडं हललं तरी चित्र काळं होत नाही. म्हणून नवख्यांनी कमी पटीवरच सराव करावा, असं माझं ठाम मत आहे. जास्त पटीत हाताचा कंपही तेवढाच मोठा दिसतो!

मग आयपीस, म्हणजे डोळ्याकडची काच. स्कोप पांढऱ्या भिंतीकडे धरा, दोन सेकंद बघा, नजर काढा. क्रॉसहेअर पहिल्या क्षणी ठसठशीत दिसेपर्यंत आयपीस फिरवा. टक लावून बघत राहिलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. चष्मा लावूनच नेम धरणार असाल तर हे चष्म्यासकटच करा आणि डोळा व काच यांत जास्त अंतर चालणारा स्कोप निवडा.

स्प्रिंगच्या एअर रायफलवर मात्र तिच्यासाठीच बनवलेला स्कोप हवा. तिचा झटका मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो; साधा स्कोप त्याने निकामी होऊ शकतो. शिवाय १० मीटरवर स्पष्ट दिसायला पॅरॅलॅक्स, म्हणजे स्कोप ज्या अंतरासाठी जुळवलेला असतो ते अंतर, तेवढ्या जवळ आणता आलं पाहिजे.

ऑलिंपिक रायफल प्रकारांत मात्र स्कोप चालत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरवर कांस्य जिंकलं, ते पीप साइटने, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरून.