दारू सुटते, संध्याकाळ सुटत नाही

व्यसन सोडणाऱ्याचा खरा पेच पडतो तो संध्याकाळी. रोजची गुत्त्याची वेळ होते आणि हात रिकामे असतात. ही पोकळी नुसत्या उपदेशाने भरत नाही, तिथे अंगमेहनतीचं काहीतरी लागतं. १९८६मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेले राहुल जाधव गुन्हेगारी आणि नशा मागे टाकून मुंबई ते दिल्ली धावले. परभणीकरांना मात्र लांब पल्ल्याचं अप्रूप नसावं. शेगावची पालखी दरवर्षी परभणी, गंगाखेडवरून पंढरपूरला जाते. पहाटे उठायचं, ऊन-पावसात मैलोन्‌मैल चालायचं, मुक्कामी सुजलेले पाय चोळत बसायचं. त्यात माळ घातलेल्याला दारू वर्ज्य. शिस्त, थकवा आणि सोबत, तिन्ही एकदम मिळतात.

कोणी म्हणेल, हे एक व्यसन सोडून दुसरं धरणं झालं. काहींचं तसं होतंही. दुखावलेल्या गुडघ्यानिशी धावत राहणारे असतात. पण धावून आल्यावर कोणी बायकोचे दागिने गहाण टाकत नाही! दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. व्यायामाने तलफ तात्पुरती कमी होते असं अभ्यास सांगतात. ती कायमची जाते असा पुरावा तोकडा आहे. म्हणून धावणं हे उपचाराच्या जोडीला हवं, उपचाराऐवजी नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर झटके येऊन जिवावर बेतू शकतं. त्याने बूट घेण्याआधी डॉक्टर गाठावा.