सम्यक आजीविकेचे व्याख्याते

'राइट लाइव्हलीहुड' हे एका आंतरराष्ट्रीय पुरस्काराचे नाव आहे. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवावा लागत नाही, कारण ते मुळात बौद्ध परंपरेतील 'सम्यक आजीव' या संकल्पनेवरून घेतलेले आहे. 'सम्यक' या शब्दाशी आपला परिचय तर फार जुना. आपल्या श्रावकाचारातही वनजीविका, स्फोटजीविका, सरःशोष, म्हणजे अरण्य तोडून, भूमी फोडून किंवा जलाशय आटवून केलेली कमाई, वर्ज्य सांगितली आहे. उपजीविका कशी करावी हा प्रश्न धर्माचा आहे, तसाच तो नदीचा आणि जंगलाचाही आहे, हे आपल्या पूर्वजांना उमगले होते. त्यामुळे या पुरस्काराचा आशय आपल्याला परका वाटू नये.

याकोब फॉन उक्सकुल हे टपाल तिकिटांचे जाणकार संग्राहक. पर्यावरणासाठी आणि जगातील गरिबांच्या जीवनाशी निगडित ज्ञानासाठी नोबेलने दोन नवी पारितोषिके सुरू करावीत, अशी सूचना त्यांनी केली होती. ती मान्य झाली नाही. तेव्हा त्यांनी आपला तिकिटांचा संग्रह विकला आणि १९८० मध्ये स्वतःच पुरस्कार सुरू केला. लोक त्याला 'पर्यायी नोबेल' म्हणतात. एला भट्ट, चिपको आंदोलन, बाबा आमटे, मेधा पाटकर, असगर अली इंजिनिअर ही आपल्या ओळखीची नावे त्याच्या मानकऱ्यांत आहेत.

पुरस्काराचा सोहळा एका सायंकाळी आटोपतो आणि मानकरी आपल्या गावी परततो. त्याने आयुष्य वेचून मिळवलेले ज्ञान मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात उतरत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी २००९ मध्ये मलेशियातील पेनांग येथील विद्यापीठात 'राइट लाइव्हलीहुड कॉलेज' सुरू झाले. त्याची धुरा अन्वर फझल या ज्येष्ठ ग्राहक-कार्यकर्त्याने वाहिली, जे स्वतः १९८२ चे मानकरी होते. पुढे जर्मनीतील बॉन, स्वीडनमधील लुंड, इथिओपियातील अदिस अबाबा, नायजेरियातील पोर्ट हारकोर्ट आणि आपल्या मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्था अशी या कामाची केंद्रे जोडली गेली. मानकऱ्यांनी विद्यार्थ्यांसमोर बोलावे, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि तरुण संशोधकांनी त्यांच्या कामापासून शिकावे, अशी यामागची कल्पना.

कल्पना साधी आहे, परंतु विद्यापीठाच्या दृष्टीने ती थोडी अवघडही आहे. प्राध्यापक अभ्यासलेल्या विषयावर बोलतो. कार्यकर्ता बोलतो तो स्वतः सोसलेल्या विषयावर, आणि त्याचा बहुतेक विरोध अशाच कुणाच्या तरी तज्ज्ञ अहवालाशी झालेला असतो. ज्याच्या हाती पदवी नाही त्याच्या ज्ञानाला ज्ञान म्हणावे काय, हा प्रश्न त्या व्याख्यानाबरोबरच सभागृहात येऊन बसतो.

केनियाच्या वांगारी मथाई यांच्या चरित्रात हा प्रश्न जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसेल. १९७१ मध्ये त्यांनी नैरोबी विद्यापीठातून पशुशरीरशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. गुरांना होणाऱ्या एका रोगाच्या अभ्यासासाठी गोचिडी गोळा करीत त्या खेडोपाडी हिंडल्या, तेव्हा त्यांना हाडे दिसणारी गुरे दिसली, पावसात गढूळ होऊन वाहणारे ओहोळ दिसले, आणि सरपणासाठी दूरवर पायपीट करणाऱ्या स्त्रियांची गाऱ्हाणी ऐकू आली. गोचिडीपेक्षा मोठा रोग जमिनीलाच जडला आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. १९७७ मध्ये सात रोपे लावून त्यांनी 'ग्रीन बेल्ट' चळवळीला आरंभ केला.

वनखात्याच्या अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. झाडे लावणे हे प्रशिक्षित माणसाचे काम, निरक्षर बायकांना ते कसे जमणार, असे त्यांचे म्हणणे. बायकांनी ते मनावर घेतले नाही. फुटकी मडकी, जुने डबे, जे हाताशी आले त्यात त्यांनी बी रुजवले. पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या हातांना बी पेरायला कुणी शिकवावे लागत नाही. जगलेल्या प्रत्येक रोपामागे त्यांना अल्पसा मोबदला मिळे. या स्त्रियांना पुढे 'पदवीविना वनाधिकारी' असे नाव पडले. २००४ पर्यंत त्यांनी लावलेल्या झाडांची संख्या तीन कोटींवर गेली होती.

आता विद्यापीठाने काय केले ते पाहा. १९८२ मध्ये मथाई यांनी संसदेची निवडणूक लढवण्यासाठी प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला. मतदारनोंदणीच्या एका तांत्रिक कारणावरून त्यांची उमेदवारी बाद ठरली. त्या परत गेल्या, तर विद्यापीठाने त्यांना पुन्हा कामावर घेण्याचे नाकारले, आणि विद्यापीठाचे राहते घरही त्यांना सोडावे लागले. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. १९९९ मध्ये नैरोबीचे करुरा जंगल वाचवताना त्यांच्या डोक्यावर मार बसला, आणि त्यानंतर विद्यार्थी रस्त्यावर उतरले. २००४ मध्ये शांततेचे नोबेल आले. आज त्याच नैरोबी विद्यापीठात शांतता आणि पर्यावरण यांच्या अभ्यासासाठी वांगारी मथाई यांच्या नावाची संस्था आहे. विद्यापीठांची स्मरणशक्ती अशी सोयीस्कर असते. तरीही ती संस्था उभी राहिली याचे मोल मी कमी लेखणार नाही. तिथे शिकणाऱ्या मुलीला निदान हे नाव दारावरच वाचावे लागते.

पोर्ट हारकोर्टची गोष्ट याहून कठोर आहे. नायजेरियाच्या ओगोनी प्रदेशात १९५८ पासून तेल निघत होते, आणि शेते व ओढे त्या तेलाने माखत होते. लेखक केन सारो-विवा यांनी आपल्या लोकांना अहिंसक मार्गाने संघटित केले. जानेवारी १९९३ मध्ये लाखो ओगोनी शांतपणे रस्त्यावर आले. १९९४ चा राइट लाइव्हलीहुड पुरस्कार त्यांना आणि त्यांच्या संघटनेला मिळाला तेव्हा ते तुरुंगात होते. १० नोव्हेंबर १९९५ रोजी लष्करी राजवटीने त्यांना आठ सहकाऱ्यांसह पोर्ट हारकोर्टमध्येच फाशी दिली. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अहवाल आला. एका गावातील पिण्याच्या पाण्यात बेंझिनचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या नऊशेपटींहून अधिक आढळले, आणि स्वच्छतेस पंचवीस ते तीस वर्षे लागू शकतील असे त्यात म्हटले होते. ओगोनी लोक हेच तर सांगत आले होते. ज्या शहरात त्यांचा आवाज फासावर गेला, तिथल्याच विद्यापीठात अशा कार्याचे केंद्र असणे ही मला या साऱ्या उपक्रमातील सर्वांत धीट गोष्ट वाटते.

मुंबईच्या केंद्राशी आपले नाते अधिक जवळचे. मेधा पाटकर याच टाटा संस्थेच्या विद्यार्थिनी. संशोधनाचा प्रबंध बाजूला ठेवून त्या नर्मदेच्या खोऱ्यात गेल्या. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ आदिवासी गावे येत होती. १९९१ चा पुरस्कार त्यांना, बाबा आमटे यांना आणि नर्मदा बचाओ आंदोलनाला मिळाला. १९९२ मध्ये जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने पुनर्वसन आणि पर्यावरण यांबाबतच्या गंभीर त्रुटी दाखवून दिल्या, आणि १९९३ मध्ये बँकेचे उरलेले कर्ज थांबले. धरण मात्र पूर्ण झाले. कच्छ-सौराष्ट्राच्या तहानलेल्या गावांना त्याचे पाणी पोहोचले, हेही तितकेच खरे. आपल्यापैकी अनेकांचे आप्त त्या बाजूचे आहेत. म्हणूनच अशा व्याख्यानाला केवळ टाळ्या वाजवण्यासाठी जाऊ नये. पाणी कुणाला मिळाले आणि घर कुणाचे बुडाले, हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी मनात धरून ऐकावे, आणि वक्त्यालाही ते विचारावेत. चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाला अडचणीच्या प्रश्नांची सवय असते, आणि नुसत्या हारतुऱ्यांनी त्याचा सन्मान होत नाही.

आपली मुले महाविद्यालयात पर्यावरणाचा प्रकल्प लिहितात, बहुधा शेवटच्या रात्री, मित्राच्या वहीवरून. हा विषय अभ्यासक्रमात आला तो एम. सी. मेहता या वकिलाच्या याचिकेमुळे. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करण्याचा आदेश दिला. मेहता यांना १९९६ मध्ये गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव कुणी लिहीत नाही. आपल्या समाजाच्या विश्वस्त संस्था इतकी महाविद्यालये चालवतात. तिथल्या वार्षिक व्याख्यानमालेत व्यवस्थापन आणि व्यक्तिमत्त्व विकास यांच्या जोडीला अशा एखाद्या माणसाला दोन तास द्यायला हरकत नसावी.

भोपाळच्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांना बोलावले, तर त्यांच्या परिचयात वाचायला पदव्या नसतील. वायुकांडात आप्त गमावलेल्या या दोघी एका स्टेशनरी कारखान्यात काम करीत. १९८९ मध्ये सहकारी स्त्रियांना आणि मुलांना घेऊन त्या भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेल्या. २००४ मध्ये गोल्डमन पुरस्काराची रक्कम हाती आली, ती त्यांनी घरी नेली नाही. तिच्यातून त्यांनी 'चिंगारी' हा न्यास उभारला. वायुपीडितांच्या पोटी व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांना तिथे चालायला, बोलायला, हाताने घास घ्यायला शिकवले जाते.