मुक्ती मिळाली, जमीन राहिली

१२ जानेवारी १८६५ च्या रात्री जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घराच्या माडीवर वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशक जमले होते. समोर बसले होते अमेरिकेचे युद्धमंत्री एडविन स्टँटन आणि तीनच आठवड्यांपूर्वी हे शहर ताब्यात घेतलेले सेनापती विल्यम शर्मन. यादवी युद्ध संपत आलं होतं. गुलामगिरीतून सुटलेल्या लाखो माणसांचं आता काय करायचं, हा प्रश्न सरकारपुढे होता, आणि तो त्या माणसांनाच विचारावा असं सरकारला पहिल्यांदाच वाटलं असावं.

वीस जणांनी आपल्या वतीने बोलायला गॅरिसन फ्रेझियर यांना पुढे केलं. वय ६७. जवळजवळ उभा जन्म गुलामीत गेलेला. आठ वर्षांपूर्वी त्यांनी हजार डॉलरचं सोनं-चांदी मोजून स्वतःला आणि पत्नीला विकत घेतलं होतं. स्टँटन एकेक प्रश्न वाचत होते आणि उत्तरं शब्दशः उतरवून घेतली जात होती. गुलामगिरी म्हणजे तुम्ही काय समजता? दुसऱ्या माणसाचे कष्ट त्याच्या संमतीवाचून, बळजबरीने घेणं, असं फ्रेझियर यांच्या उत्तराचं सार होतं. आणि तुमचं पोट तुम्ही कसं भराल? त्यांनी जमीन मागितली. आम्ही ती आमच्या हातांनी कसू, बायका-मुलं आणि म्हातारे राबतील, आणि पुढेमागे पैसे साठवून ती विकत घेऊ, असं ते म्हणाले. फुकट काहीच मागितलं नव्हतं. हे उत्तर मी अनेकदा वाचलं आहे. अडीचशे वर्षांच्या वेठीनंतर इतकं माफक मागणं कुणी मागू शकतं, याचं दर वेळी नव्याने वाईट वाटतं.

मग स्टँटन यांनी शर्मन यांना खोलीबाहेर जायला सांगितलं आणि या सेनापतीबद्दल तुमचं मत काय, असं त्या वीस जणांना विचारलं. ज्याने अर्धं जॉर्जिया पादाक्रांत केलं त्या सेनापतीला दाराबाहेर उभं करून कालपरवापर्यंत गुलाम असलेल्यांकडून त्याची परीक्षा घेतली गेली. त्याला कारण होतं. महिनाभरापूर्वी एबेनेझर क्रीक या ओढ्यावर शर्मनच्या फौजेतल्या एका तुकडीने पलीकडे पोचताच तरंगता पूल काढून घेतला होता. फौजेच्या मागोमाग निघालेली शेकडो मुक्त माणसं अलीकडेच अडकली. पाठीमागून दक्षिणेचे घोडेस्वार येत होते. थंडीच्या त्या पाण्यात उड्या टाकून कितीतरी जण बुडाले. या बातमीने वॉशिंग्टनमध्ये खळबळ माजली होती.

बैठकीनंतर चौथ्या दिवशी, १६ जानेवारीला, शर्मन यांनी विशेष आदेश क्रमांक १५ काढला. चार्ल्सटनपासून दक्षिणेकडे फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीपर्यंतची किनाऱ्यावरची बेटं आणि समुद्रापासून तीस मैल आतपर्यंतची नदीकाठची टाकून दिलेली भातखाचरं मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवण्यात आली. प्रत्येक कुटुंबाला जास्तीत जास्त चाळीस एकर. पुढे सैन्याची खेचरंही काहींना मिळाली, म्हणून ‘चाळीस एकर आणि एक खेचर’ हा वाक्प्रयोग रूढ झाला. आदेशात खेचराचा उल्लेख नाही. त्यात आणखी एक गोष्ट नव्हती, आणि ती फार महागात पडली. कागद मिळाला तो ताब्याचा. मालकीचं पुढे काँग्रेस ठरवणार होती.

तरी जूनपर्यंत सुमारे ४०,००० माणसं ४ लाख एकरांवर वसली. मालक पळून गेले होते, आणि भात व कापूस कसा पिकवायचा हे या माणसांना मालकांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

हे युद्ध राज्यांच्या अधिकारांसाठी झालं, असं अमेरिकेत पुढे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. ते खोटं आहे, आणि खोटं म्हणायला दुसऱ्या कुणाच्या साक्षीची गरज नाही. फुटून निघालेल्या मिसिसिपीने आपल्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच आमची बाजू गुलामगिरीशी पूर्णपणे एकरूप आहे, असं सांगून टाकलं होतं. १८६० च्या जनगणनेत देशात जवळपास ४० लाख गुलाम होते. त्यांची बाजारभावाने होणारी किंमत देशातल्या रेल्वे आणि कारखान्यांत गुंतलेल्या एकूण भांडवलाहून अधिक भरत होती. अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. असं भांडवल कुणी आपणहून सोडत नाही. १८२० मध्ये नकाशावर रेघ ओढून गुलामीची आणि बिनगुलामीची राज्यं वेगळी केली गेली. १८५४ मध्ये ती रेघ पुसली. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही, असा निवाडा दिला. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू देणार नाही, एवढंच म्हणणारे लिंकन १८६० मध्ये निवडून आले आणि तेवढ्यावरून दक्षिणेतली राज्यं फुटू लागली.

युद्धात उत्तरेने दक्षिणेची बंदरं कोंडल्यावर लँकेशरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो मुंबईहून जाऊ लागला. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचे भाव कडाडले, मुंबईत समभागांचा उन्माद माजला, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती ली शरण गेले आणि काही महिन्यांतच कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्यासकट सगळा डोलारा कोसळला. मुंबईच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी पैशाची म्हणून सांगितली जाते. तो कापूस इथून का जात होता, हेही तिच्यासोबत सांगायला हवं.

शरणागतीनंतर आठवडाभरात लिंकन यांचा खून झाला आणि अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले. २९ मे रोजी त्यांनी माफीची घोषणा केली. निष्ठेची शपथ घेणाऱ्या बहुतेक बंडखोरांना, गुलाम वगळता, बाकीची मालमत्ता परत मिळणार होती. मालमत्ता म्हणजे जमीन, आणि त्या जमिनीवर आता माणसं पेरणी करून बसली होती.

हे त्यांना सांगायचं काम जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांच्यावर आलं. मुक्त झालेल्यांसाठी नेमलेल्या सरकारी खात्याचे ते प्रमुख होते. मनातून त्यांना हे पटलेलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये साउथ कॅरोलिनातल्या एडिस्टो बेटावरच्या चर्चमध्ये ते उभे राहिले. गर्दीत कुजबुज, मग गलका. बोलणं अशक्य झालं, तेव्हा एका बाईने दुःखाचं एक भजन सुरू केलं आणि सगळा जमाव ते म्हणू लागला. नंतर बेटावरच्या तिघांच्या समितीने हॉवर्ड यांना पत्र लिहिलं. अक्षरं अडखळती आहेत, म्हणणं जराही अडखळत नाही. हॉवर्ड यांचा उजवा हात युद्धात गेला होता. तुमचा फक्त हात गेला, तुम्ही क्षमा करू शकाल, असं त्यांनी लिहिलं. पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून चाबकाने फोडलं आणि आता मला जमीनही मिळू देत नाही, त्याला मी कशी क्षमा करू? जमीन गेली तर आमची अवस्था पूर्वीपेक्षाही बिकट होईल, असंही त्यांनी बजावलं होतं.

पुढच्या काही महिन्यांत बहुतेकांना हुसकावण्यात आलं. काही ठिकाणी सैन्य आणावं लागलं, आणि ते उत्तरेचंच सैन्य होतं.

सरकारला गुलामगिरीची भरपाई ही कल्पना अपरिचित होती, असं मात्र समजू नये. १६ एप्रिल १८६२ रोजी राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामगिरी कायद्याने बंद झाली, तेव्हा प्रत्येक गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत रोख भरपाई देण्यात आली. ती मालकाला. सुमारे ३,१०० माणसं मुक्त झाली. त्यांच्यासाठीही कायद्यात तरतूद होती: देश सोडून हैती किंवा लायबेरियाला जायला तयार असणाऱ्याला १०० डॉलरपर्यंत.

डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि गुलामगिरी देशभर संपली. फक्त गुन्ह्याच्या शिक्षेपुरती सक्तीची मजुरी चालेल, असा अपवाद ठेवला गेला. दक्षिणेतल्या विधिमंडळांनी तो अपवाद लगेच हेरला. मिसिसिपीने त्याच महिन्याच्या आसपास कायदे केले: प्रत्येक कृष्णवर्णीयाकडे दर जानेवारीत वर्षभराच्या कामाचा लेखी पुरावा हवा, नसेल तर तो भटका, म्हणून दंड, दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे मजुरीला जायचं. गावठाणाबाहेर त्याला जमीन भाड्यानेसुद्धा घेता येणार नव्हती. मजूर हवा होता, शेतकरी नको होता, हे याहून उघडपणे सांगता आलं नसतं.

मग अर्धेलीची पद्धत पसरली. जमीन मालकाची, कष्ट कुटुंबाचे, पीक निम्मं-निम्मं. बियाणं, पीठ, कापड, खेचराचं भाडं मालकाच्या नाहीतर दुकानदाराच्या वहीवर, उभं पीक तारण. नाताळच्या सुमारास हिशेब व्हायचा. वही मालकाने लिहिलेली, कापसाचा भाव त्याने सांगितलेला, आणि जमेच्या बाजूला काही उरलंच नाही असं ऐकून कुटुंब पुढच्या वर्षासाठी तिथेच बांधलं जायचं. लिहिता-वाचता येणाऱ्याने हिशेबावर बोट ठेवलं तर जिवावर बेतू शकत होतं. गुलामांना अक्षरओळख करून देणं हा अनेक राज्यांत गुन्हा होता. तो गुन्हा का होता, ते या वहीपाशी कळतं.

तरीही १८६७ नंतरची दहा वर्षं हार म्हणून सांगता येणार नाहीत. काँग्रेसने जॉन्सनना बाजूला सारलं, नागरिकत्व आणि मतदानाचा हक्क घटनेत आला, आणि साउथ कॅरोलिनाच्या कनिष्ठ सभागृहात कृष्णवर्णीयांचं बहुमत झालं. त्या राज्याने सरकारी खर्चाने मळे विकत घेऊन हजारो कुटुंबांना हप्त्याने जमीन दिली. रॉबर्ट स्मॉल्स हे नाव मराठीत जवळजवळ अपरिचित आहे. १३ मे १८६२ च्या पहाटे चार्ल्सटनच्या धक्क्यावरून या गुलाम खलाशाने दक्षिणेची ‘प्लँटर’ ही बोट, आपल्या आणि सोबत्यांच्या बायकामुलांना घेऊन, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर ठेवून, तोफा रोखलेल्या किल्ल्यांसमोरून नेमक्या इशाऱ्याच्या शिट्ट्या देत बाहेर काढली. पुढे ते काँग्रेसमध्ये निवडून गेले. ब्यूफर्टमधल्या ज्या मालकाच्या घरामागच्या खोपटात त्यांचा जन्म झाला, ते घरच त्यांनी करथकबाकीच्या लिलावात घेतलं होतं. त्या घराच्या आधीच्या मालकाने ते परत मिळावं म्हणून दावा लावला आणि तो हरला.

१८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं. पुण्यात बसून इतक्या दूरच्या लढ्याशी आपलं नातं ओळखणं ही असामान्य दृष्टी होती. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स इथे निवडणुकीच्या वादातून सशस्त्र गोऱ्या टोळीने न्यायालयाच्या इमारतीला वेढा घालून आग लावली आणि शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. जे मोजके आरोपी दोषी ठरले, त्यांनाही सर्वोच्च न्यायालयाच्या १८७६ च्या निकालाने सोडलं. ही बाजू फुल्यांपर्यंत किती पोचली असेल कुणास ठाऊक. १८७७ मध्ये वादग्रस्त अध्यक्षपदाच्या तडजोडीनंतर राज्यांच्या राजकारणावर लक्ष ठेवणारं सैन्य बराकीत परतलं. मतदानावर कर आणि साक्षरतेच्या परीक्षा, वेगळे डबे, वेगळ्या शाळा, झुंडबळी हे सगळं त्यामागोमाग आलं आणि १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत टिकलं.

इतकं होऊनही माणसांनी एकेक एकर करून जमीन विकत घेतली. १९१० च्या सुमारास कृष्णवर्णीयांच्या मालकीची सुमारे दीड कोटी एकर शेतजमीन होती. १९२० मध्ये सव्वानऊ लाखांवर कृष्णवर्णीय शेतकरी होते, देशातल्या शेतकऱ्यांच्या १४ टक्के. आज ते दोन टक्केही नाहीत. शहरांकडचं स्थलांतर हे एक कारण. दुसरं सरकारी कर्जाचं: स्थानिक समित्या गोऱ्यांच्या हातात, कर्ज नाकारलं जायचं किंवा पेरणी होऊन गेल्यावर मिळायचं. कृषिखात्याविरुद्धचा पिगफर्ड खटला १९९९ मध्ये भरपाई देऊन मिटवावा लागला.

तिसरं कारण आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. गोऱ्या वकिलावर आणि न्यायालयावर विश्वास नव्हता, म्हणून आजोबांनी मृत्युपत्र केलं नाही. पिढ्यामागून पिढ्या गेल्या आणि जमीन सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं लागावीत तशी सामाईक झाली. मग शिकागोत राहणाऱ्या एखाद्या नातवाचा हिस्सा बांधकाम कंपनी गुपचूप विकत घेते, वाटपाचा दावा लावते, आणि न्यायालय सगळी जमीन लिलावात काढतं. साउथ कॅरोलिनातल्या हिल्टन हेड बेटाचंच पाहा. तिथे १८६२ मध्ये मुक्त झालेल्यांनी मिचेलव्हिल हे स्वतःचं गाव वसवलं होतं, त्यात मुलांना शाळा सक्तीची होती. १९५६ मध्ये बेटाला पूल झाला, आणि आज ते बेट गोल्फच्या मैदानांसाठी ओळखलं जातं.

साउथ कॅरोलिनाने २०१६ मध्ये हे लिलाव रोखणारा कायदा केला. त्यानुसार आधी जमिनीची खरी किंमत ठरवावी लागते, आणि विकू मागणाऱ्याचा हिस्सा घ्यायची पहिली संधी इतर वारसांना द्यावी लागते. हा कायदा क्लेमेंटा पिंकनी यांच्या नावाने आहे. ते राज्याच्या सिनेटचे सदस्य होते आणि चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चचे धर्मगुरू. १७ जून २०१५ च्या संध्याकाळी बायबलच्या अभ्यासवर्गात शिरलेल्या एका वर्णद्वेष्ट्या तरुणाने त्यांच्यासह नऊ जणांना गोळ्या घालून मारलं. कायदा झाला, तो त्यांच्या मागे.