आधी मनाने, मग पायांनी

आपल्या घरात किंवा शेजारच्या घरात अशी एखादी आजी असेलच. दोन वर्षांमागे न्हाणीघरात तिचा पाय घसरला. हाड मोडले नाही. मुका मार लागला, चार दिवस शेकले आणि दुखणे थांबले. परंतु त्या दिवसापासून आजी घराच्या उंबरठ्याबाहेर पडेनाशी झाली. पूर्वी ती पहाटे उठून तुळशीला पाणी घालीत असे, दुपारी शेजारणीकडे जाऊन गप्पा मारता मारता धान्य निवडीत असे. आता तुळशीचा तांब्या सून नेते, आणि शेजारीण आपण होऊन आली तरच भेट घडते. ‘‘आई, तू उठू नकोस, पडशील,’’ असे मुलगा कळवळून सांगतो. नातू औषध, चष्मा, वर्तमानपत्र सारे हातात आणून देतो. सर्वांचा हेतू चांगला असतो. पण ज्या पायांना काम उरत नाही त्यांची शक्ती जाते, आणि दोन वर्षांपूर्वी जी केवळ भीती होती ती आता खरी दुर्बलता होऊन बसते.

या घरात आधी काय खचले? पाय तर धड होते. आधी मनाने चालणे सोडले. पायांनी ते मागाहून सोडले.

ही भीती निराधार आहे असे मात्र कोणी म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे प्राणास मुकतात, आणि त्यांत साठीच्या पुढच्यांची संख्या सर्वांत मोठी असते. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेच्या वेळी साठ व त्याहून अधिक वयाची माणसे १० कोटींहून अधिक होती. तेव्हा वृद्धांचे चालणे हा घरोघरीचा प्रश्न आहे. ज्या मनाने चालणे सोडले त्याच मनाला हाताशी धरून ते पुन्हा शिकता येईल काय, एवढेच आपल्याला येथे पाहावयाचे आहे.

मनातली पावले

एखादी हालचाल प्रत्यक्ष न करता ती आपण करीत आहोत असे मनात बारकाईने अनुभवणे, आणि तसे नियमाने पुन्हा पुन्हा करणे, याला मानसिक सराव म्हणतात. ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. मूर्ती, फुले, गंध यांपैकी काहीही जवळ नसता केवळ मनाने सर्व उपचार क्रमवार अर्पण करावयाची मानसपूजा आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली आहे. तबला शिकणारा विद्यार्थी हात तबल्यावर ठेवण्यापूर्वी बोल तोंडाने म्हणतो. पुढे प्रवासात, रात्री अंथरुणावर पडल्या पडल्याही ते बोल त्याच्या मनात वाजत राहतात. आषाढी वारीला जाण्याची ताकद ज्यांच्यात उरली नाही असे कितीतरी वृद्ध वारकरी घरी बसूनच मनाने एकेक मुक्काम गाठीत पंढरीला पोहोचतात. यातून त्यांना समाधान लाभते हे आपण जाणतोच. शरीरावरही अशा कल्पनेचा काही परिणाम होतो काय, हे गेल्या शतकात शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले.

शिकागोचे एडमंड जेकबसन यांनी १९३० साली स्वस्थ पडून राहिलेल्या माणसांच्या दंडात सूक्ष्म तारा बसवल्या आणि ‘हात वाकवीत आहोत अशी कल्पना करा’ असे त्यांना सांगितले. हात जागचा हलला नाही, तरी स्नायूत विजेची अतिसूक्ष्म हालचाल नोंदली गेली. पुढे १९८९ साली फ्रान्समधील ज्यां देसेती, मार्क जानरो व त्यांच्या सहकाऱ्याने चालण्याचाच प्रयोग केला. ठरावीक अंतरावरील खुणेपर्यंत माणसांनी एकदा पायांनी चालावयाचे व एकदा केवळ मनाने. दोन्हींना लागणारा वेळ जवळजवळ सारखाच भरला, आणि अंतर वाढले तसा मनातला वेळही वाढला. म्हणजे मनातली वाटसुद्धा पावलापावलानेच चालावी लागते. वेगाने चालण्याची कल्पना करणाऱ्या माणसाची नाडी व श्वासही वाढतात, असे याच संशोधकांना पुढे आढळून आले.

१९९२ साली अमेरिकेतील आयोवा येथील ग्वांग यू आणि केली कोल यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी काही तरुणांकडून चार आठवडे करंगळीचा व्यायाम करवून घेतला. दुसऱ्या गटाने तोच व्यायाम केवळ मनात केला. खऱ्या व्यायामाने करंगळीची शक्ती सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. मनातल्या व्यायामाने २२ टक्क्यांनी. स्नायूंना श्रम न पडताही शक्ती वाढली, याचा अर्थ हा की सुधारणा घडली ती आज्ञा देणाऱ्या मेंदूत. सैन्य तेच राहिले, पण सेनापती अधिक चांगला हुकूम देऊ लागला.

ज्यांच्या घरात कोणाचा हात वा पाय प्लॅस्टरमध्ये आहे त्यांनी पुढील प्रयोग अवश्य ध्यानात ठेवावा. अमेरिकेतील ओहायो येथे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निरोगी माणसांची मनगटे चार आठवडे बांधून ठेवली होती. ज्यांनी काहीच केले नाही त्यांच्या मनगटाची सुमारे ४५ टक्के शक्ती गेली. ज्यांनी आठवड्यातून पाच दिवस मनगट घट्ट आवळण्याची केवळ कल्पना केली, त्यांची सुमारे २४ टक्केच गेली.

म्हातारपणाचे चालणे

तरुणपणी आपण गप्पा मारीत, पिशवी सांभाळीत, रस्ता ओलांडीत चालतो. चालण्याकडे लक्ष द्यावे लागत नाही. वय झाले की ही सवड कमी होते. स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ साली एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले: चालता चालता कोणी बोलावयास लागले की जे वृद्ध थबकतात, ते पुढे पडण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. पाऊल टाकणे आणि उत्तर देणे ही दोन कामे मनाला एकाच वेळी पेलत नाहीत. यास्तव वृद्धाच्या चालण्याला पायांइतकेच मनाचेही शिक्षण हवे.

आणखी एक गोष्ट २०१० च्या सुमारास फ्रान्समधील ऑलिव्हिए बोशे यांच्या अभ्यासात आढळली. खुर्चीवरून उठून ३ मीटर चालावे, वळून परत येऊन बसावे, अशी एक प्रसिद्ध चाचणी आहे. वृद्धांना ती मनात करावयास सांगितली तेव्हा प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी वेळात ती उरकली. आणि ज्यांची स्मृती व आकलन मंदावले होते त्यांच्या बाबतीत ही तफावत अधिक होती. मन अजून जुन्या पायांनी धावत असते. म्हणून मानसिक सराव घाईने करून चालत नाही. मनाला आजच्या पायांशी पाऊल जुळवावयास शिकवावे लागते.

अर्धांगवायूनंतर अडखळत चालणाऱ्या १७ जणांना इस्रायलमध्ये हैफा येथील संशोधकांनी त्यांच्या घरीच, आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी १५ मिनिटे, असा सहा आठवडे मनात चालण्याचा सराव करविला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या चालण्याचा वेग स्पष्टपणे वाढलेला दिसला. मात्र तुलनेसाठी दुसरा गट तेथे नव्हता, हेही सांगितले पाहिजे. मानसिक सरावाला प्रत्यक्ष व्यायामाची जोड द्यावी, एवढाच निष्कर्ष आज निर्धास्तपणे काढता येतो.

घरी कसे करावे?

आरंभी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि मगच सरावाला लागावे. हात असलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. आजी वा आजोबांनी तीत स्वस्थ बसावे, तळवे जमिनीला टेकावेत, डोळे मिटावेत, दोन मिनिटे श्वास संथ होऊ द्यावा. दिवसाकाठी एकच कृती निवडावी आणि ती त्यांच्या मनाजोगती असावी: खुर्चीतून उठणे, उंबरठा ओलांडणे, ओट्याच्या तीन पायऱ्या उतरणे. मग घरातील कोणी, शक्य तर नातवाने, हलक्या आवाजात व सावकाश असे काही वाचावे:

‘‘तू खुर्चीच्या कडेशी सरकली आहेस. तळव्यांना फरशीचा गारवा लागतो आहे. पाय थोडे मागे, गुडघ्यांच्या खाली घे. आता पुढे वाक. नाक पायांच्या बोटांवर येऊ दे. हातांनी खुर्ची दाब, टाचांवर भार दे आणि ऊठ. उभी राहिलीस. लगेच चालू नकोस. एक श्वास घे. आता उजवे पाऊल. भार डाव्या पायावर गेला, उजवी टाच टेकली. आता डावे. समोर उंबरठा आहे. चौकटीला हात लाव. पाऊल उंच उचल, पलीकडे ठेव, ते घट्ट टेकले याची खात्री कर; मगच दुसरे पाऊल घे. बाहेर ऊन आहे. तुळस दिसते आहे.’’

येथे तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, हे चित्र दुसऱ्या कोणा बाईचे पाहिल्यासारखे दुरून पाहू नये. आपल्याच डोळ्यांनी, आपल्याच पायांनी ते अनुभवावे. दुसरी, वेळ खरा असावा. प्रत्यक्ष अंगणात जावयास किती सेकंद लागतात हे घड्याळावर पाहून ठेवावे, आणि मनातला फेरा तितक्याच वेळात पुरा व्हावा. तिसरी, मनात पाय अडखळला वा पडल्याचे चित्र आले तर तेथेच थांबावे, एक पाऊल मागे यावे आणि तीच जागा नीट ओलांडून पुढे जावे. पडण्याचा सराव होऊ देऊ नये.

असे दहा-पंधरा मिनिटे झाल्यावर कोणाच्या तरी सोबतीने तीच कृती प्रत्यक्ष करावी. उलट, चालत असताना कल्पनेत रमू नये. तेव्हा सारे लक्ष जमिनीवरच असावे.

काय करू नये?

मानसिक सराव हे औषध नव्हे. न्हाणीघरातील निसरडी फरशी मनाने कोरडी होत नाही; ती पुसावी लागते. सुटे पायपुसणे काढून टाकावे, रात्री वाटेवर दिवा असावा, चष्म्याचा क्रमांक तपासून घ्यावा. उभे राहताच भोवळ येत असेल, छातीत दुखत असेल, एका अंगाची शक्ती एकाएकी गेली असेल, तर सरावाचा विचारही न करता डॉक्टरांना गाठावे. चालू असलेल्या औषधांमुळे तोल जातो काय, हेही त्यांनाच विचारावे. ज्यांची स्मृती बरीच क्षीण झाली आहे त्यांना ही पद्धत जड जाते. त्यांच्या बाबतीत हात धरून चालविणे हेच श्रेयस्कर.

आणि घरातील मंडळींसाठी एक सूचना. ‘‘उठू नकोस’’ हे शब्द प्रेमाचे खरे. पण ते दिवसातून दहादा कानी पडले की तोही एक मानसिक सरावच होतो, न उठण्याचा. त्याऐवजी ‘‘थांब, मी बरोबर येतो’’ असे म्हणून पाहावे.

मग एखाद्या सकाळी सुनेने तांब्या भरून आजीच्या हाती द्यावा. वाट तर तिने मनाने कितीदा तरी चाललेली असेल. नातवाने शेजारी उभे राहावे. हात अगदी जवळ असावा, पण धरलेला नसावा. उंबरठ्याशी आजी क्षणभर थांबेल. तिला घाई करू नये. पाऊल आधी मनात उचलले जाते, हे आता आपणांस ठाऊक आहे.