थांबण्याची सोय

मोटार घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘किती देते?’ मग रंग, मग किंमत, मग हप्ता. ‘थांबते कशी?’ असं विचारणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. बँकेत असताना वाहनकर्जाचे कितीतरी अर्ज हातावेगळे केले. त्यांतल्या एकाही रकान्यात हा प्रश्न नव्हता.

निवृत्तीनंतर लासूर स्टेशनला घर केलं आणि एक जुनी अल्टो दारात आली. तिच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड वयाच्या पासष्टाव्या वर्षी मी स्वतः बदलले. त्यामागे काटकसर नव्हती. मुलगा, सून आणि नात याच गाडीतून समृद्धी महामार्गानं जातात. तिथं मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. आमच्या वैजापूर रस्त्याला सवय ६० ची. वेग दुप्पट झाला की थांबवण्याचं काम दुप्पट होत नाही, चौपट होतं. माणसांसकट हजार किलोची मोटार ६० वरून थांबवताना ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते, तिच्यात चार कप चहाच्या पाण्याला उकळी फुटेल. १२० वरून थांबवताना पावणेदोन लिटर पाण्याला. त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन तबकड्या आणि तळहातात मावतील असे चार पॅड सोसतात. नवा पॅड साधारण १० मिलिमीटर जाड असतो. ३ वर आला की बदलायचा. आपली नात एवढ्याशा जाडीच्या भरवशावर जाते, हे कळल्यावर ती वस्तू एकदा डोळ्यांनी बघावीशी वाटली.

आपल्या पांढरपेशा घरांत पाना हाती धरणं हे परिस्थिती खालावल्याचं लक्षण मानतात. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढला, तो नेमका हाच समज मोडण्यासाठी. हातानं काम करता करता माणूस शिकतो, हे त्यांनी खेड्यातल्या मुलांना वेल्डिंगपासून बांधकामापर्यंत करायला लावून दाखवलं. बँकेतल्या साहेबांना कोणी तसं करायला लावलं नाही. म्हणून मी दोन दुपारी स्टेशनाजवळच्या एका गॅरेजात नुसता बसून राहिलो. मिस्त्री माझ्या मुलापेक्षा लहान. ‘काका, गाडी इथंच ठेवा ना, अर्ध्या तासात देतो,’ म्हणाला. मी म्हटलं, ‘गाडी नको, हात बघायचाय तुझा.’ तो हसला, पण नंतर प्रत्येक बोल्ट मला दाखवून खोलू लागला.

काम अवघड नाही, पण त्याचा क्रम सोडवत नाही. जमीन सपाट हवी. हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच जरा सैल करायचे. जॅक हा उचलण्यापुरता. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, लोखंडी स्टँड लावायचा. चाक निघालं की कॅलिपर दिसतो, म्हणजे तबकडीला दोन्ही बाजूंनी धरणारी पकड. ती सोडवली की तारेनं वर बांधायची. रबरी नळीवर लोंबकळत ठेवली तर नळी आतून दुखावते. धूळ फुंकायची नाही. जुन्या ब्रेकमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा आणि ती धूळ फुप्फुसाला घातक. नव्या पॅडचीसुद्धा छातीत भरून घेण्यासारखी नसते. ओल्या फडक्यानं पुसावी. मग पिस्टन सावकाश आत दाबायचा, पण एक डोळा बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीवर ठेवून, कारण तेल तिथं वर चढतं. ते सांडलं तर रंग खातं. एका चाकाचे पॅड बदलून दुसऱ्याचे जुने ठेवायचे नाहीत, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते.

खरा धोका सगळं बसवून झाल्यावर असतो. आत ढकललेला पिस्टन अजून पॅडला टेकलेला नसतो. अशा वेळी गाडी सुरू करून पहिलाच ब्रेक मारला तर पेडल थेट तळाला जातं आणि गाडी फाटकापर्यंत जाते. म्हणून जागच्या जागी पेडल दाबत राहायचं, ते टणक लागेपर्यंत. हे काम आमच्या सौ.नी केलं. मी बाहेरून चाकाकडे बघत होतो, त्या मोजत होत्या. पाचव्या दाबाला म्हणाल्या, ‘आता लागतंय काहीतरी पायाला.’

ब्रेक ऑइल बदलण्याच्या भानगडीत मात्र मी पडलो नाही. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं तेल २०५ अंशांच्या आत उकळता कामा नये. ओल धरल्यावर तोच आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. नळीत हवा राहिली तरी तेच. शिकाऊ माणसानं हे काम दुसऱ्यावर सोपवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या घरातून आगगाड्या दिसतात. रेल्वेच्या ब्रेकची रचना याच्या अगदी उलट आहे. जॉर्ज वेस्टिंगहाऊसनं १८७२ च्या सुमारास ती बसवली. गाडीभर नळीत हवेचा दाब कायम असतो; नळी तुटली, डबा सुटला, की दाब जातो आणि ब्रेक आपोआप लागतात. मोटारीत नळी फुटली तर ब्रेकच जातो. म्हणून आता तेलाच्या वाटा दोन ठेवतात; एक गेली तरी दुसरी गाडी धरते. हे वाचलं आणि मला आमच्या शाखेतली तिजोरी आठवली. तिला दोन किल्ल्या, दोन अधिकाऱ्यांकडे. नोंद करणारा एक, ती तपासून सही करणारा दुसरा. तीस वर्षं मी या पद्धतीला कटकट म्हणत आलो. (आमच्या धंद्यात तसं म्हणण्याची रीतच आहे.) पण स्वतः बसवलेल्या ब्रेकवर मी स्वतःच सही करायची, हे काही मला पटेना.

तेव्हा दुसऱ्या दिवशी, कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग चुकवत, गाडी सावकाश मिस्त्रीकडे नेली. त्यानं पेडल दाबून पाहिलं, कॅलिपरचे बोल्ट पान्यानं तपासले, आणि मग म्हणाला, ‘जुने पॅड आणलेत?’ ते मी फडक्यात बांधून नेले होते. त्यानं डाव्या चाकाचे दोन्ही शेजारी धरले. आतला बाहेरच्यापेक्षा बराच झिजलेला. ‘पिन कोरडी झालीय, काका. कॅलिपर सरकत नाही नीट.’ पिन काढून साफ केली, ग्रीस लावलं, परत बसवली. पैसे घेईना, चहा घेतला.

मागच्या चाकांना ड्रम आहेत. त्यांच्या आतले लायनर अजून मी पाहिलेले नाहीत. येत्या आठवड्यात तो ते खोलणार आहे, आणि एक चाक मला खोलू देणार आहे.