लेमूर मादागास्करला पोचले कसे?

मादागास्करच्या राजधानीहून, म्हणजे अंतानानारिवोहून, पूर्वेला अंदासिबेचं जंगल लागतं. तिथे मी गेलो होतो तेव्हा एका सकाळी झाडांच्या शेंड्यांवरून लांबलचक, रडवा आवाज आला. वाटाड्या हळूच म्हणाला, "बाबाकोतो!" बाबाकोतो म्हणजे इंद्री, आजच्या लेमूरांमधला सर्वांत मोठा. काळापांढरा, शेपूट जवळजवळ नाहीच.

लेमूर हे माकडांचे दूरचे भाऊबंद. त्यांच्या सुमारे शंभर जाती आहेत आणि त्या निसर्गतः याच बेटावर सापडतात. असं का? 'बेट आफ्रिकेपासून तुटलं, त्यावरचे प्राणी वेगळे पडले', असं आपण वर्गात सांगून मोकळे होतो. मीही बरीच वर्षं तेच सांगत असे. पण तारखा जुळवून पाहा.

मादागास्कर आणि भारत मिळून एक तुकडा होता. तो आफ्रिकेपासून सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी सुटा होऊ लागला. पुढे सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी भारतही मादागास्करला सोडून उत्तरेकडे निघाला. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे खडक त्या ताटातुटीच्या वेळच्या लाव्ह्याचे आहेत. तशाच वयाचा लाव्हा मादागास्करमध्येही मिळतो. आता लेमूरांकडे वळू. जनुकांच्या तुलनेवरून त्यांचे पूर्वज बेटावर साधारण ५-६ कोटी वर्षांपूर्वी आले असावेत, असा अंदाज निघतो. तोवर बेटाच्या चहूबाजूंना समुद्र होता!

मादागास्करला लेमूर आणि भारतात त्यांचा नातलग लोरिस, हे कोडं सोडवायला फिलिप स्क्लेटर यांनी १८६४ साली हिंदी महासागरात बुडालेलं एक खंडच कल्पिलं होतं. त्याला त्यांनी नाव दिलं लेमुरिया. असं खंड नव्हतं, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

मग उरतो तो समुद्रमार्ग. पुरात उन्मळून वाहत आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यावरून काही थोडे जीव पार झाले असणार. सामुद्रधुनी अगदी अरुंद जागीही सुमारे ४०० किलोमीटर रुंद आहे, आणि आजचे प्रवाह या प्रवासाला प्रतिकूल आहेत. पण २०१० साली अली आणि ह्यूबर यांनी संगणकावर त्या काळचे प्रवाह मांडून पाहिले. तेव्हा बेट आणखी दक्षिणेला होतं आणि प्रवाह अधूनमधून त्याच्याकडे वाहत असावेत, असं त्यांना आढळलं. शिवाय काही छोटे लेमूर शेपटीत चरबी साठवून महिनोन्महिने झोपतात. पूर्वजांना हे साधत असेल, तर उपाशीपोटी प्रवास जमला असेल. हा अर्थात तर्क.

हत्ती, वाघ-सिंह, माकडं मात्र आलीच नाहीत. सुतारपक्षीही नाहीत. त्यांची जागा आय-आय या लेमूराने घेतली आहे. तो काडीसारख्या बारीक बोटाने फांदीवर टकटक करतो, कान देऊन आतली पोकळी हेरतो, सतत वाढणाऱ्या दातांनी लाकूड कुरतडतो आणि त्याच बोटाने अळी ओढून काढतो.

माणूस आल्यानंतर गोरिलाएवढे मोठे लेमूर नामशेष झाले. इंद्रीला मारणं पुष्कळ गावांत निषिद्ध आहे, पण भाताच्या शेतीसाठी जंगल जाळणं निषिद्ध नाही. आणि प्राणिसंग्रहालयात इंद्री जगवणं आजवर जमलेलं नाही.