बोटं झडत नाहीत

कुष्ठरोग झाला की बोटं झडून पडतात, असं पांढुर्ण्यात काय, सौंसरात काय, आजही सहज बोललं जातं. सांगणाऱ्याचा सूर असा, की पिकलं पान गळावं तसं बोट गळताना जणू त्यानंच पाहिलंय.

आखूड झालेल्या बोटाचं टोक जवळून पाहा. बऱ्याचदा नखाचा तुकडा तिथंच असतो. बोट तुटून पडलं असतं, तर नख आधी गेलं असतं. हॅन्सननं १८७३ मध्ये शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू बोट तोडत नाही. त्याला शरीराचा थंड भाग मानवतो, म्हणून तो कातडीत आणि तिच्या जवळच्या नसांत मुक्काम करतो. कोपरामागची नस बिघडली की करंगळी आणि अनामिका बधिर होतात, मग वाकतात. मनगटाजवळची नस गेली की अंगठा दुबळा होतो. उरलेलं काम आपल्या रोजच्या जगण्याचं. तव्याला हात लागला, फोड आला, कळलंच नाही. त्याच हातानं दिवसभर कापूस वेचला, बोंडांची टोकं रुतत राहिली. जखम चिघळते, पू हाडापर्यंत पोचतो, हाड झिजतं. असं वर्षानुवर्षं झालं की बोट आखूड होतं.

वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे कोडं सोडवलं. काही रुग्णांच्या बोटाचा तुकडा रात्रीतून नाहीसा व्हायचा. पाळत ठेवली, तर उंदीर बोट कुरतडत होता आणि झोपलेल्याला पत्ता नव्हता. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णासोबत मांजर देऊ लागले. कुष्ठरोगावर मांजराचा उतारा!

गोळ्या घेतल्या की बोटं पूर्ववत होतील, हाही भ्रम. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी सहा किंवा बारा महिन्यांची औषधं जंतू मारतात. गेलेलं हाड उगवत नाही. पण बधिरपणा किंवा अशक्तपणा नवा, सहा महिन्यांच्या आतला असेल, तर स्टेरॉईडनं नस बऱ्याचदा सावरते. म्हणून "बघू पुढच्या महिन्यात" हे इथं महागात पडतं. वाकलेली पण शाबूत बोटं शस्त्रक्रियेनं कामाला लावता येतात: चांगल्या स्नायूचा कंडरा वळवून जोडतात, मग व्यायाम. संवेदना मात्र त्यानं परत येत नाही. ते काम डोळ्यांनी करायचं. रोज संध्याकाळी हात न्याहाळायचे, वीसेक मिनिटं साध्या पाण्यात बुडवून ओलसर असतानाच तेल लावायचं, विळ्याच्या मुठीला कापड गुंडाळायचं, भांडं सांडशीनंच उतरवायचं.

बोटं गेलेल्याच्या हातचं पाणी न पिणाऱ्यांची गोष्ट तर अगदी उलटी आहे. उपचार पूर्ण झालेल्या माणसाची आखूड बोटं म्हणजे जुन्या जखमांच्या खुणा. त्यातून रोग लागत नाही. लागतो तो औषध न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, निकटच्या सहवासात, नाकातोंडावाटे. अशा रुग्णाची दहाही बोटं धडधाकट असू शकतात. शिवाय बहुतेकांचं शरीर हा जंतू परतवून लावतं.

शेजारच्या विदर्भानं ही भीती फार आधी बाजूला ठेवली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम काढलं. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन १९४६ मध्ये उभं राहिलं. वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात अशाच हातांनी शेती पिकवली, माग चालवले.

कायदाही सरकला आहे, उशिरा का होईना. कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद २०१९ मध्ये रद्द झाली. राहतो तो रेशनसाठी लागणाऱ्या आधारचा प्रश्न. ठसा उमटत नाही म्हणून आधार नाही, असं सांगून माणसाला परत पाठवतात, ते चूक आहे. बोटं नसतील तर बुबुळांवरून आधार निघतं, आणि तेही जमत नसेल तर अपवाद म्हणून नोंद करण्याची सोय नियमातच आहे. केंद्रावरच्या माणसाला ती ठाऊक नसेल, तर त्याला ती दाखवून द्यायची.